रणधीररावांचा रेडिएटर

कोल्हापुरातल्या एका मोटार क्लबचे अध्यक्ष रणधीरराव जाचक यांनी तोंड उघडायच्या आतच सभासदांच्या माना हलू लागत. घाटात इंजिन तापून भर रस्त्यात फजिती झाली, तेव्हा त्यांनी आपल्या स्पोर्ट्स कारला भलामोठा नवा रेडिएटर बसवून घेतला होता. आता बैठकीत फर्मान सुटलं, "वर्ष झालं, इंजिन एकदाही तापलेलं नाही. असा रेडिएटर ज्याच्या गाडीला नसेल, त्याला यंदा रॅलीत प्रवेश नाही."

माना हलल्या. रणधीररावांची सून सुलेखा, तिची तेवढी हलली नाही. या रॅलीसाठी तिने आपली जुनी गाडी खपून तयार केली होती.

"खरं आहे, मामंजी," ती अदबीने म्हणाली, "मी साक्षीला आहे. रेडिएटर इतका खाली लोंबतोय की आपल्या फाटकासमोर तुम्हीच घालून घेतलेला स्पीडब्रेकर गाडीला ओलांडता येत नाही. वर्षभर ती पोर्चमध्येच उभी आहे. तशी उभी ठेवली तर माझी गाडीही तापायची नाही, आणि तीही जुन्याच रेडिएटरवर."

रणधीररावांनी पाण्याचा ग्लास ओढला. "नियमाचा फेरविचार करू," ते म्हणाले.

पुन्हा सगळ्यांच्या माना हलल्या. या खेपेला सुलेखाचीही.