निळीची धूळ

पृथ्वीचा पत्ताही नव्हता, तेव्हाची गोष्ट. वायूच्या एका अवाढव्य ढगात दोन तारका बहिणी जन्मल्या. थोरली निळी चांगली धिप्पाड, तर धाकटी तांबडी अगदीच किरकोळ. दोघींच्याही भोवती धुळीचं कडं फिरत होतं.

निळीला भारी घाई. आपला उजेड साऱ्या आकाशाला दिसलाच पाहिजे म्हणून ती भडाभडा जळू लागली. तिच्या कड्यातले कण काकुळतीला येऊन म्हणाले, "जरा दमानं घे गं बाई! आम्ही आत्ता कुठे एकमेकांना चिकटतोय. आमचा गोळा तरी होऊ दे."

"माझ्या उजेडात न्हायचं सोडून कुरकुर कसली करता?" असं म्हणून निळी आणखीच पेटली. त्या झोतानं तिची सगळी धूळ उधळली आणि उडत उडत धाकटीच्या कड्यात जाऊन पडली. निळीनं वळूनही पाहिलं नाही.

पुढे आकाशभर तिचं नाव झालं. पण तिच्या उन्हात खेळायला तिच्याजवळ कुणी उरलंच नव्हतं. तिनं मंद व्हायची खूप धडपड केली, पण आग आता तिचं ऐकेना. जळण संपत आलं तेव्हा तिची नजर धाकटीकडे गेली. तांबडीच्या उबेला एक गोंडस ग्रह गिरक्या घेत होता. त्याच्या अंगावरची धूळ निळीनं लगेच ओळखली.

"आई, ती लांबवर झगमगतेय ती कोण गं?" ग्रहानं विचारलं.

तांबडी हळूच म्हणाली, "ती होय? ती तुझी मावशी."