गाळणं खुंटीला टांगा

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा अण्णांनी विचारलं, “मग आमच्या पाण्यात खोट कुठं आहे, माताजी?”

वेळ लक्षात आहे, कारण चंदनाच्या औषधाची वेळ आठची. माझं सगळं लक्ष बस्तीतल्या घड्याळावर होतं.

बस्ती म्हणजे आमच्या गावचं जैन मंदिर. अण्णा म्हणजे माझे सासरे. बस्तीच्या विहिरीवर ते कापडाच्या गाळण्यातून घागरीत पाणी गाळत होते. आर्यिका माताजी, म्हणजे आमच्या साध्वी, चातुर्मासासाठी गावात होत्या, त्या कट्ट्याजवळ चटईवर बसल्या होत्या. पांढरी साडी, मांडीशी मोरपिसांची पिंछी, बाजूला कमंडलू.

माझ्या कडेवर चंदना. सव्वा वर्षाची. तिचं पोट पुन्हा बिघडलं होतं.

माताजींनी फक्त एवढंच म्हटलं होतं, “बाळाला पाणी कुठलं?”

मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी तो प्रश्न स्वतःवर घेतला.

तेही बरोबरच. गावात पहिला फिल्टर आमचा. स्वयंपाकघरात भिंतीला टांगायचा नव्हे, अख्ख्या घराचा! गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खाली येताना आधी त्यात शिरतं, मग न्हाणी, मोरी, चूल, सगळीकडं जातं. माणसाच्या उंचीची निळी टाकी, आत कोळसा, डोक्यावर काळी मूठ. माझ्या माहेरी अजून नळाच्या तोंडाला फडकं बांधतात. मी तिकडं गेले की फिल्टरचं सांगितल्याशिवाय चहा घेत नव्हते.

“कसा निवडला, तेवढं ऐका,” अण्णा म्हणाले.

“सांगा.”

“दुकानदार म्हणाला, सगळ्यात मोठा न्या. म्हटलं, मोठेपणा तुझ्याजवळ ठेव. आमच्या घरात नळ किती, एका वेळी सुटतात किती, ते विचार आणि मग माप सांग. दोन नळ सोडले तर धार बारीक व्हायला नको, आणि पाणी कोळशातून पळत सुटायलाही नको.”

“मग?”

“मग विचारलं, कोळसा कशाचा? तो हसला. म्हटलं, हसतोस काय, हाडांचाही कोळसा असतो. नारळाच्या करवंटीचा आहे म्हणाला. म्हटलं, पोतं दाखव. पोत्यावरचं वाचलं, तेव्हा पैसे काढले.”

“गच्चीवरच्या टाकीच्या आधी बसवलात की नंतर?”

“नंतर! आधी कसा बसवीन? क्लोरीन कोळशात निघून जातं. टाकीत पाणी मुक्कामाला असतं, तिथं राखणीला क्लोरीन पाहिजे. घरात शिरताना काढायचं.”

“चांगलं निवडलंत.”

अण्णांची मान ताठ झाली. माझीही झाली, खोटं कशाला बोलू.

“आणि वरून सांगतो माताजी, दीड वर्ष झालं, एकदासुद्धा मूठ हलवलेली नाही!”

…

“बसवणारा सांगून गेला होता,” मी हळूच म्हणाले. “आठवड्याला एकदा मूठ उलटी फिरवा म्हणून.”

“झालं हिचं सुरू. सातवीपर्यंत शिकलीस, त्या पुस्तकात फिल्टर होता काय गं, राजुल?”

“पुस्तकात नव्हता, अण्णा. न्हाणीत आहे. पाण्याला ओल्या पोत्याचा वास यायलाय.”

“पोतं तुझ्या नाकात आहे.”

पाणी न्यायला आलेल्या बायका हसल्या. मीही हसले असते. पण चंदना कण्हली, आणि मी तिचं पोट चाचपलं.

माताजी हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, “पाजतेस ते उकळून?”

“उकळून, गाळून, गार करून. पण आंघोळीला बसवली की ओलं फडकं चोखते, माताजी. ओढलं तर किंचाळते. डॉक्टर म्हणाले, पिण्याचं बघितलंत, आता न्हाणीचं बघा.”

माताजी अण्णांकडं वळल्या. “मूठ का फिरवत नाही?”

“धर्म म्हणून,” अण्णा म्हणाले.

आवाज असा होता, की बायकांनी कळशा खाली ठेवल्या.

“मूठ फिरवली की पाणी उलटं वाहतं, माताजी. खालून वर. कोळशात अडकलेलं सगळं उपसून बाहेर टाकतं. आणि ते जातं कुठं? गटारात! मी गाळण्याला लागलेले जीव विहिरीत परत सोडणारा माणूस. मी त्यांना गटारात लोटू?”

अण्णा बढाई मारत नव्हते. आमच्यात पाणी गाळलं म्हणजे काम संपत नाही. गाळणं उलटं धरून गाळलेल्या पाण्यानं धुवायचं. ते धुवण म्हणजे जिवाणी. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती परत सोडायची. वरून ओतायची नाही, बादली पार पाण्याला टेकवून अलगद पालथी करायची. थंडी असो, ताप असो, अण्णांनी यात कधी हयगय केली नाही. गावात लोक मुलांना त्यांचं उदाहरण देतात.

माताजी घागरीकडं बघत होत्या.

घागर भरली होती. अण्णांनी तिच्या तोंडावरचं गाळणं उचललं आणि उलटं करायला घेतलं.

“थांबा,” माताजी म्हणाल्या.

अण्णा थांबले.

“घडी करा.”

“कशाची?”

“गाळण्याची. तशीच घडी करा आणि खुंटीला टांगा.”

“न धुता?”

“न धुता.”

“कधीपर्यंत, माताजी?”

“दीड वर्ष.”

…

अण्णांनी माताजींचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. पण त्यांचे हात हलेनात. गाळणं दोन्ही हातांवर पसरलेलं, कडेनं थेंब गळतायत.

“यात जीव आहेत, माताजी.”

“आहेत.”

“मरतील.”

माताजींनी खुंटीकडं बोट दाखवलं.

“कुजतील. आणि उद्या याच कापडातून कुणी पाणी गाळलं, तर ते …”

अण्णांचं वाक्य पुरं झालं नाही. ते चंदनाकडं बघत होते.

त्यांनी घाईघाईनं गाळणं उलटं केलं, धुतलं, बादली विहिरीत सोडली. दोरी रोजच्यासारखीच हळू सोडली. बादली पालथी झाल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मग वाकलेले तसेच म्हणाले, “विहिरीचं विहिरीत जातं. पण घरचं पाणी नदीचं आहे. नदी चार कोसांवर. तिथं कसं नेऊ?”

“उलटं पाणी गटारात कोण सोडतं?”

“पाइप.”

“पाइप कुणी टाकला?”

“बसवणाऱ्यानं.”

“गटार कुणी दाखवलं त्याला?”

…

“मी,” अण्णा म्हणाले.

“परसात काय आहे?”

“केळी आहेत. शेवगा आहे. मोकळी माती आहे.”

“नदीपर्यंत नेता येत नाही. मातीपर्यंत येतं?”

“येतं, माताजी.”

मला वाटलं, झालं. पण ताठ मान एकदम वाकत नाही, आधी कुरकुरते.

“मूठ फिरवतो,” अण्णा म्हणाले. “पण कोळसा मात्र बदलायला लागायचा नाही. ही म्हणते, दीड वर्ष झालं, आता बदला. कोळसा काय तांदूळ आहे संपायला? होता तेवढाच आहे आत.”

माताजींनी मांडीवरची पिंछी उचलली. “ही कधीची?”

“गेल्या चातुर्मासातली. पिंछी बदलण्याच्या कार्यक्रमाला मीच तर दिली.”

“आधीची झिजली होती?”

“छे! पिसं होती तेवढी होती. लांबून नवीच वाटायची.”

“मग ती का घेतलीत काढून?”

“मऊपणा जातो, माताजी. पिसांचं टोक कडक होतं. जीव वाचवायला फिरवायची, आणि तीच मुंगीला …”

अण्णा पुन्हा मध्येच थांबले. या वेळी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

“करवंटीचाच आणतो,” ते म्हणाले. “नवा.”

बायकांतली एक पदराआड हसली. अण्णांनी तिच्याकडं बघितलं नाही.

“आजच त्या माणसाला फोन करतो. येईल आणि मूठ फिरवून जाईल.”

“गाळणं धुवायला माणूस बोलावता?” माताजींनी विचारलं.

अण्णा उठले. धोतराचा सोगा खोचला. चार पावलं गेले आणि परत आले, माझ्याजवळ. या घरात मी आल्यापासून त्यांनी मला पाण्यातलं काही विचारलं नव्हतं.

“कुठल्या बाजूला फिरवायची गं?”

बायका ऐकत होत्या. मी पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

“आधी घरातले सगळे नळ बंद करा. मग मूठ दाबून उलट्या खुणेवर न्या. ओढू नका, दाबल्याशिवाय फिरत नाही. गटाराकडचा पाइप काढून परसात धरा. पाणी निवळेपर्यंत सोडा. मग पुढच्या खुणेवर थोडा वेळ, आणि मग मूळ जागी.”

“एवढं सगळं पाठ आहे तुला?”

“बसवणारा सांगत होता तेव्हा तुम्ही पावती बघत होता, अण्णा.”

ते गेले. आठ वाजले. मी चंदनाला औषध पाजलं. अर्धं तिनं माझ्याच खांद्यावर काढलं. माताजी डोळे मिटून बसल्या होत्या. मला विचारायचं होतं, ही बरी होईल ना. विचारलं नाही. डोळे मिटलेल्या माणसाला काय विचारायचं …

अण्णा आले ते जवळजवळ पळतच. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. हातात एक बाटली.

“बघा! माताजी, बघा!”

बाटलीत काळपट तपकिरी पाणी होतं, तळाला गाळ.

“पहिली धार तर डांबरासारखी! मातीला नुसता काळा पाट लागला. किती वेळ तसंच येत होतं. शेवटी निवळलं. मग न्हाणीतला नळ सोडून वास घेतला.” ते माझ्याकडं वळले. “पोतं तुझ्या नाकात नव्हतं गं.”

“कळलं, अण्णा.”

“नवा कोळसा येईपर्यंत पोरीची आंघोळ या विहिरीच्या पाण्यानं. उकळून. घागर मी आणीन.”

एवढं बोलून त्यांनी बाटली उन्हात धरली. आणि फिल्टर घरात आला त्या दिवशी होतं, तेच तेज पुन्हा त्यांच्या तोंडावर आलं.

“पण काय पकडलंय बघा! दीड वर्ष एकट्यानं एवढं पोटात घेऊन उभा होता. हलका फिल्टर असता तर कधीच मान टाकली असती!”

मला हसू आवरेना. घाणीचाही अभिमान वाटावा तर अण्णांनाच. पण खरं सांगते, मलाही वाटला. आमच्या घराचीच होती ती.

“ही बाटली बस्तीच्या ओसरीवर ठेवतो,” ते म्हणाले. “लोकांनी बघावं …”

आणि तिथंच त्यांचा चेहरा उतरला.

“काय झालं?” माताजींनी विचारलं.

“आमचं बघून आमच्या गल्लीत पाच घरांनी बसवलेत, माताजी. माझ्याच ओळखीच्या दुकानातनं. आणि मीच सगळ्यांना सांगून आलोय. मूठ हलवू नका, पाप लागतं.”

…

“लहान मुलं आहेत त्या घरांत?”

“आहेत.”

चंदना माझ्या खांद्यावर झोपली होती.

“आत्ताच जातो,” अण्णा म्हणाले. “हात धुतो, धोतर बदलतो, ही बाटली घेतो आणि एकेकाला दाखवतो.”

माताजींनी बाटलीकडं पाहिलंच नाही. त्या अण्णांच्या हातांकडं बघत होत्या.

“बाटली राहू द्या,” त्या म्हणाल्या. “हात न धुता जा. आणि निघताना प्रत्येक घरी सांगा, मूठ फिरवून झाली की हेच सांगायला पुढच्या दारी आता तुम्ही जा.”