पालथ्या पातेल्यांचा सण

सगुणीच्या वाडग्यात त्या दिवशी काय होतं, सांगू? पेज. आणि पेज तरी कसली, नुसतं गरम पाणी आणि त्यात भाताची सात शितं! त्यातली पाच तिनं आईला वाढली, दोन स्वतः घेतली, आणि वर "माझं पोट तुडुंब भरलं गं," असं धडधडीत खोटं बोलली.

चांदवेल गावावर टोळधाड आली होती. टोळ म्हणजे नाकतोड्यांचे दांडगट भाऊ. आभाळ झाकून आले आणि दोन दिवसांत शेतातलं पीक, परसातली भाजी, झाडांची पानं, सगळं फस्त करून गेले. मेल्यांनी दारातली तुळससुद्धा सोडली नाही!

आता या गावाची एक रीत होती. घरावर दुःख आलं की घरातलं थोरलं पातेलं अंगणात पालथं घालायचं, आणि सण आला की मगच सुलटं करायचं. या वेळी एकूण एक अंगणात पातेली पालथी पडली. लोकांनी बोचकी बांधली. उद्या सकाळी गाव सोडायचं, वाट फुटेल तिकडे जायचं, असं ठरलं.

पण सगुणीच्या आईचा पाय अधू होता. तिला अंगणापलीकडे चालवत नसे.

"तू जा भीमाआत्याबरोबर," आई म्हणाली. "मी राहीन इथं."

"मी नाही जायची!" सगुणी म्हणाली, आणि रडू दिसू नये म्हणून कंदमुळं शोधायच्या निमित्तानं देवराईत पळाली.

देवराईत एक इवलासा झरा होता. त्याच्या काठी बसून ती मनसोक्त रडली. रडता रडता तिला ऐकू आलं, दगडाआड आणखी कुणीतरी मुसमुसतंय. वाकून बघते तर काय, अंगठ्याएवढी परी! मोरपिशी झगा, केशरी ओढणी, कानांत दवाचे चिमुकले डूल. पण पंख? पंखांची टोळांनी पार चाळण केलेली.

"अगं बाई! तुलाही खाल्लं का गं त्यांनी?"

"पंखच तेवढे," परी हुंदका देत म्हणाली. "दिवस बुडायच्या आत घरी पोचले नाही, तर मी विझून जाईन."

सगुणीच्या अंगावर तिचा एकुलता एक सणाचा परकर होता, कारण रोजचा फाटला होता. त्याच्या काठाला आईनं रात्ररात्र जागून चांदीच्या टिकल्या लावल्या होत्या. सगुणीनं क्षणभर काठावरून बोट फिरवलं. मग एकेक टिकली उसवली, बाभळीचा डिंक आणला आणि पंखांचं भोक न् भोक बुजवलं. लुकलुक, लुकलुक! पंख असे झळकले की झऱ्याच्या पाण्यात चांदण्याच उतरल्या.

परी हरखली. "माग काय हवं ते! पण एकच हं."

'आईचा पाय' हे शब्द सगुणीच्या अगदी ओठांवर आले. पण मग? आई चालेल, पण चालून जायचं कुठं? आणि गावातली तान्ही बाळं, म्हातारी माणसं, ती उपाशीपोटी कुठवर जातील? तिनं ते शब्द गिळले.

"सगळ्यांची पातेली भरू देत."

"भरतील. पण माझ्या अटी नीट ऐक. धान्य दिवस बुडताना उतरेल, आणि सुलट्या पातेल्यातच उतरेल. गावात एक जरी पातेलं पालथं राहिलं, तर कुणालाच दाणा मिळायचा नाही. आणि माझं नाव कुणापुढं काढायचं नाही."

"पण सणाशिवाय आमच्याकडे पातेली सुलटी करत नाहीत!"

"मग करा की सण."

"अशा दिवसांत?"

परी खुदकन हसली. "वेडाबाई, सण अशाच दिवसांत जन्मतात. हजारो वर्षं बघतेय मी. लांबच्या बर्फाच्या मुलखात दिवस उजाडेना, तेव्हा माणसांनी शेकोट्या पेटवून फेर धरला. पुरानं घरं नेली, तिथं नव्या ओट्यावर पहिल्याच दिवशी रांगोळी उमटली. कुठं साथ ओसरली, तर उरलेल्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि दर वर्षी त्याच दिवशी मारत राहिले. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही!"

सगुणी धावत गावात आली. "पातेली सुलटी करा! आज सण आहे!"

"भुकेनं पोरीचं डोकं फिरलंय," लोक म्हणाले आणि बोचक्यांच्या गाठी आवळू लागले.

ऊन उतरू लागलं. सगुणी अंगणात मटकन बसली. आई पाय ओढत जवळ आली, लेकीच्या परकराचा बोडका काठ तिला दिसला.

"का ते नको सांगूस," आई म्हणाली. "काय करायचं तेवढं सांग."

सगुणीनं काठी उचलली आणि पालथ्या पातेल्यावर हाणली. ढण्ण! आईनं लाटणं घेतलं. ढण्ण, ढणाढण्ण! शेजारची पोरं धावली, आपापली पातेली बडवू लागली. काय तो दणका! मोठी माणसं रागवायला म्हणून आली, आणि बघता बघता त्यांचेच पाय ठेका धरू लागले.

"अगं, पण सण कसला हा?" गवंडीकाम करणाऱ्या धोंडजींनी विचारलं.

"टोळांनी सगळं खाल्लं, पण आपल्याला नाही खाल्लं!" सगुणी ओरडली. "आपण उरलो, त्याचा सण!"

धोंडजी खदाखदा हसले. "पोरगी खरं बोलतेय राव!" त्यांनी आपलं पातेलं सुलटं केलं. मग शेजारच्यांनी केलं. मग पलीकडच्यांनी. गावभर टणाटण!

राहिलं एक, भीमाआत्याचं. गावातलं सगळ्यात मोठं. आत्या त्याच्यावर चक्क बसली होती, तोंड फुगवून!

"माझं काय उरलंय गं? शेत गेलं, आंबा गेला. मी नाही उठायची."

सूर्य डोंगराला टेकला. सगुणी आत्यापुढं येऊन बसली.

"आत्या, आम्ही उरलोय ना! दर वर्षी याच पातेल्यातल्या तुमच्या घुगऱ्या आम्ही खाल्ल्यात. उद्या सगळे दहा वाटांनी गेलो, तर तुमच्या हातची चव आठवणारं माणूस तुम्हाला कुठं भेटेल?"

आत्यानं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. "गुडघे धरलेत मेले. हात दे!"

सगुणीनं हात दिला. आत्या उठली. पातेलं सुलटं झालं.

आणि देवराईवरून रुपेरी झोत उठला! सळसळ, सळसळ, पातेल्यांत धान्य उतरू लागलं. पांढरेशुभ्र तांदूळ, लालचुटुक नाचणी, तपकिरी कुळीथ. खायला पुरेल आणि पेरायलाही उरेल इतकं! झोताच्या टोकाला दोन टिकल्याटिकल्यांचे पंख लुकलुकले, आणि दिवस बुडायच्या आत परी उजेडातून घरी पोचली.

बोचकी सुटली. आईचा पाय काही बरा झाला नाही, पण तिला सोडून कुणीही कुठं गेलं नाही.

अजूनही दर वर्षी त्या दिवशी चांदवेलकर पातेली आधी पालथी घालतात. पहिला टोला सगुणीच्या आईचा. मग सगळं गाव बडवतं, नाचतं, पातेली सुलटी करतं, आणि भीमाआत्या घुगऱ्या शिजवते. सगुणी बोडक्या काठाचा तोच परकर घालून मिरवते.

"टिकल्या कुठं गेल्या गं?" एखादी मैत्रीण विचारतेच.

सगुणी हसते, तिच्या हातात काठी देते आणि म्हणते, "वाजव!"