लाकडी गड्याचा खेळ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा माझेसुद्धा गुडघे दुखत नव्हते.

एका गावात परगावची एक बाई आली आणि पोरांना खेळ शिकवू लागली. एकाने लाकडी गडी व्हायचं. बाकीच्यांनी हुकूम द्यायचे: दोन पावलं पुढे, उजवीकडे वळ, मडकं उचल. गड्याने सांगितलं तेवढंच करायचं. मडकं फुटलं तरी त्याला बोलायचं नाही. हुकूम कुठे चुकला ते शोधायचं.

पाटलीणबाईंना यात काहीतरी काळंबेरं दिसलं. मला तर शेजारणीने नवे पडदे लावले तरी दिसतं.

"आज हुकूम ऐकायला शिकवतेय, उद्या पोरं घेऊन पसार होईल," त्या म्हणाल्या. "पुरावा मिळू दे, गावाबाहेरच काढते तिला."

एका संध्याकाळी बाई रानाकडे निघाली. पाटलीणबाई लपतछपत मागे गेल्या. जाताना वेशीवरच्या राखणदार धोंडबाला बजावलं, "दिवस मावळला की वेस लाव. मग उघडू नकोस. माझ्या आवाजात हाक आली तरी नाही. ती नकलाही करत असेल."

बाईने चिंचोके वेचले आणि ती घरी गेली. एवढंच? पाटलीणबाईंनी चिंचेखाली काही पुरलंय का, ते उकरून पाहिलं. काही नव्हतं. तोवर अंधार पडला. परत येऊन पाहतात तर वेस बंद.

"धोंडबा, उघड. मी आहे."

"आवाज अगदी हुबेहूब आहे," आतून धोंडबा म्हणाला.

रानात बिबट्या गुरगुरला. पाटलीणबाईंनी धोंडबाचा उद्धार केला.

"शिव्यासुद्धा त्यांच्याच," धोंडबा कौतुकाने म्हणाला.

गलका ऐकून पोरं आली, बाई आली. पाटलीणबाईंची लेक येसू वेशीलगतच्या भिंतीवर चढली. "धोंडबाकाकांना बोलू नकोस, आई. हुकूम काय दिला होतास?"

आईने सांगितला.

"वेस उघडायची नाही. पण भिंतीवरून घ्यायचं नाही, असं म्हणालीस?"

"नाही."

"नाहीच म्हणाल्या," धोंडबानेही कबूल केलं, आणि त्यानेच बाहेर शिडी सोडली.

अंधारात पायऱ्या दिसेनात. वरून पोरं पलिता धरून सांगू लागली, "उजवा पाय वर. थांबा. आता डावा." जन्मात पहिल्यांदा पाटलीणबाईंनी सांगितलं तेवढंच केलं. मध्येच पाय सटकला, त्या लोंबकळल्या. कुणी हसलं नाही.

"आम्हीच उशिरा सांगितलं," येसू म्हणाली. "पुन्हा. डावा पाय."

पाटलीणबाई वर पोचल्यावर परगावच्या बाईने हात पुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला. तिला गावाबाहेर काढायचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

तात्पर्य: काम बिघडलं की माणसावर संशय घेण्याआधी आपण काय सांगितलं होतं, ते तपासून पाहावं.