डोंगराच्या तोंडावरचे पाटील

डोंगर अजून बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एका बेटावरच्या डोंगराच्या उबदार उतारात चिंगी घोरपडीने अंडी पुरली होती. हा डोंगर दिवसभर तोंडातून वाफ सोडी आणि तिचा कुजका वास बेटभर पसरे.

साळिंदराच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा रानडुक्कर पाटलांनी डोंगराला बजावलं, "वऱ्हाड परत जाईपर्यंत तोंड बंद!"

"पाटील, माझ्या पोटात दगड वितळलेत. त्यातला वायू थोडा थोडा सोडतो, म्हणून तर मी शांत आहे."

"सबबी नकोत!"

सगळ्यांनी डोंगराच्या तोंडात धोंडे आणि चिखल ठासला. वर पाटील स्वतः बसले.

वास थांबला. हळूहळू डोंगराची कूस फुगू लागली. "बघा, वळण लावल्यावर कसा अंगाने भरला!" पाटील खूश झाले.

इकडे चिंगीच्या अंड्यांखालची माती चटके देऊ लागली. तिने एकेक अंडं तोंडात धरून खाडीपलीकडच्या वाळूत नेलं. "तुम्हीही चला," ती दर वेळी परतताना विनवत होती.

"अगं, जेवणाच्या पंगती बसताना बिऱ्हाड कसलं हलवतेस?" वऱ्हाडी हसले.

तिने शेवटचं अंडं ठेवलं आणि डोंगर फुटला. राख आणि तापलेले दगड आभाळात उडाले. वऱ्हाड मांडवासकट खाडीत पडलं, आणि पाटील धोंड्यासकट चिंगीच्या शेजारी येऊन आदळले.

"या डोंगराला आधी सांगायला काय झालं होतं?" ते राख झटकत ओरडले.

चिंगी अंड्यांवर वाळू ओढत म्हणाली, "कसं सांगणार, पाटील? त्याच्या तोंडावर तुम्ही बसला होतात."