कासवाचं चुकलेलं आसन

फार वर्षांपूर्वी आमच्या तळ्यावर पहाटे एक आवाज ऐकू यायचा. म्हातारं कासव आपल्या सपाट दगडावर बसून मान आत घ्यायचं आणि सावकाश श्वास सोडायचं, त्याचा तो आवाज. त्या दगडाशिवाय त्याला कुठेच शांत वाटत नसे.

एका हिवाळ्यात परदेशातून एक हंसीण आली. बदकांना कमळाची पानं अंथरायला देऊन ती माशांच्या बदल्यात कूर्मासन शिकवू लागली. कूर्म म्हणजे कासव, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा ती दगडाजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, तुमचं पान कुठाय? आणि कूर्मासन असं नसतं. पाठ फार वाकते तुमची."

"पाठ अशीच आहे, बाई. जन्मापासून."

"सुधारेल. रोज एक मासा आणत जा. नाहीतर दगड रिकामा करा, मला तिथं उभं राहून शिकवायचंय."

बदकं हसली. कासवाने विचारलं, "बरं, मान आत घेतल्यावर तुम्ही आत काय करता?"

"आत?" हंसीण गोंधळली. "आत काय करायचं? बाहेरून नीट दिसलं म्हणजे झालं."

कासवाने तिच्याकडे मायेनं पाहिलं. मग दगडावरून उतरलं आणि चिखलातून एकेक पाय टाकत निघालं.

"बघा, हे पुढचं आसन," हंसीण बदकांना म्हणाली. सगळी बदकं पोटावर पडून त्याच्यामागे सरपटू लागली. कासवाने वळून पाहिलं नाही. ते पलीकडच्या गवतात निघून गेलं.