ठकूबाईची रांग

चिंचखिंडीत गाडी थांबली की पाहुणे आधी हेच विचारतात, ही धोंड्यांची रांग कशाची? पुढं कमरेएवढा एक काळा दगड, जरा वाकलेला, आणि त्याच्या मागं एकामागं एक दीड-दोनशे धोंडे. कुणी देव समजून हात जोडतात. देव नाही. ही मतदानाची रांग आहे.

खिंडीच्या दोन्ही उतारांचा मिळून पूर्वी एकच मतदारसंघ होता, आंबखोरे. खिंडीत धनगरांची अकरा घरं. एकेक करत ती खाली गेली, ठकूबाई कोकरे तेवढी राहिली. तिच्या एका मतासाठी म्हणे मास्तर, शिपाई आणि पेटी लादलेलं गाढव असे तिघं अर्धा दिवस डोंगर चढत. ती नवं लुगडं नेसून, ताकाचं गाडगं भरून वाट बघायची. मास्तर यादी उघडून मोठ्यानं पुकारायचे, "ठकूबाई विठू कोकरे!" समोर ती एकटीच, तरी पुकारायचे. विठू जाऊन वीस वर्षं झाली होती. तिला अख्ख्या नावानं हाक मारणारं दुसरं माणूस उरलं नव्हतं, आणि ही हाकही पाच वर्षांतून एकदा.

एकदा तिनं विचारलं, "मास्तर, शेरडं वळवता वळवता मला उशीर झाला तर वो?"

"पाचाच्या ठोक्याला रांगेत उभ्या राहा, आजी. रांगेतल्या शेवटच्या माणसाचं मत पडल्याशिवाय पेटीला लाख लागत नाही."

पुढं आंबखोरे मोडलं. पूर्वेचा उतार एका मतदारसंघात गेला, पश्चिमेचा दुसऱ्यात. खिंड कुणाची? इकडच्यांना वाटलं तिकडं गेली, तिकडच्यांना वाटलं इकडं. ठकूबाईचं नाव दोन्ही याद्यांतून गळालं.

मतदानाच्या दिवशी ती ताक घेऊन बसली. कुणी आलं नाही. ऊन खिंडीच्या कडेला टेकलं तशी उठून उभी राहिली. खाली निघालेला एक मेंढका ओरडला, "आजे, घरी जा! मतदारसंघच मोडलाय!"

"मोडंल कसा? मी रांगंत हाय न्हवं?"

सकाळी तिथं हा दगड होता, असं सांगतात. माझ्या चुलत्यानं तर दगडाच्या पायथ्याशी ताकाचं गाडगंही पाहिलं होतं, आणि चुलता खोटं बोलायचा तो फक्त वाघांच्या बाबतीत.

मास्तर तोवर पेन्शनीत निघाले होते. कळलं तसे काठी टेकत चढून आले. हातात यादी नव्हती. दगडासमोर उभं राहून त्यांनी तिला पूर्ण नावानं पुकारलं. मग एक धोंडा उचलून तिच्या मागं ठेवला आणि दिवस मावळेतो स्वतः त्या धोंड्याच्या मागं उभे राहिले. "मी आहे मागं, आजी," एवढंच म्हणाले म्हणे.

आजही खिंड ओलांडणारा माणूस तिचं नाव पुकारतो आणि रांगेत एक धोंडा लावून जातो. सरकारी कागदावर आंबखोरे कुठंच नाही. आम्ही मात्र सांगतो, तिथलं मतदान अजून संपलेलं नाही.

तुम्हीही ठेवा एखादा. फक्त शेवटी ठेवा. पहिला नंबर तिचा आहे.